वारा कुठला, तांडेल कोण?

मागच्या वर्षी मार्च महिन्यात शारजाहून भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही चार कुटुंबं मिळून आठवडाभर यॉट भाड्यानं घेतोय. अम्मीला नेणार आहे, तुम्हीही यायचं. तुम्ही कवी माणूस, ठिकाण तुम्हीच सुचवा."

मला हसू आले. कवीला समुद्राविषयी विचारले तर तो निळाईवर बोलेल. नांगर, व्हिसा, भाडे यांतले त्याला काय कळणार? पण संध्याकाळी मी ही बातमी आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला सांगितली. ती दाणे निवडत होती. मान वर न करता तिने दोनच प्रश्न विचारले. "वारा कुठला? आणि तांडेल कोण?"

हे प्रश्न तिने का विचारले, ते सांगायला हवे. आमचे वडील तांडेल होते. मंगलोरी कौले भरून गलबत कोकणच्या बंदरांत आणायचे. १९७९ साली मे महिन्याच्या अखेरीस व्यापाऱ्याने आणखी एका फेरीचा आग्रह धरला. माल पडून होता, पावसाला अवकाश आहे असे त्याला किनाऱ्यावरून वाटत होते. वडिलांना तसे वाटत नव्हते. पण गलबत व्यापाऱ्याचे होते. ते गेले आणि परत आले नाहीत. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, आपा सोळा. त्यानंतर ती खाडीच्या तरीतसुद्धा बसली नाही. पलीकडच्या गावी लग्नाला जायचे तरी एस. टी.ने वळसा घेऊन जायची.

तेव्हा यॉटचे ठिकाण निवडणे हा माझ्यासाठी मौजेचा विषय राहिला नाही. मी नकाशे काढले, पुस्तके चाळली, बोटीवर नोकरी केलेल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारले. जे समजले ते इथे सांगतो. यॉट भाड्याने घेण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची असेल, पण समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची गोष्ट त्यात आहे.

'यॉट' हा शब्द मूळचा डच. त्याचा अर्थ शिकार. पाठलागासाठी बांधलेली वेगवान होडी ती यॉट. पुढे ती राजेरजवाड्यांच्या विहाराची झाली. आज ती तीन प्रकारांनी भाड्याने मिळते. परवाना असेल तर नुसती होडी घ्या आणि स्वतः हाका. नाहीतर होडीबरोबर एक कप्तान घ्या. किंवा कप्तान, खलाशी, स्वयंपाकी यांच्यासह सगळा सरंजाम घ्या. ऐषारामाची यॉट म्हणतात ती ही तिसरी. तिचे भाडे सांगतात त्याहून खर्च जास्त येतो. इंधन, बंदराचे शुल्क आणि खाणेपिणे यांसाठी भाड्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्कम पुष्कळदा आगाऊ वेगळी घेतात, आणि शेवटी हिशेब होतो. बहुतेक ठिकाणी आठवडा शनिवार ते शनिवार मोजतात.

भाच्याने छायाचित्रे पाहून ठिकाण जवळपास ठरवलेच होते. ग्रीसमधली सांतोरिनी आणि मिकोनोस ही बेटे, महिना ऑगस्ट. पांढरी घरे, निळे घुमट, ढगाचा ठिपका नसलेले आकाश. चित्र खोटे नव्हते, पण चित्रात वारा दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. त्याचा जोर ब्यूफोर्ट मापाने पाच ते सहा, कधी सात-आठपर्यंत जातो. सहा म्हणजे ताशी सुमारे चाळीस ते पन्नास किलोमीटर. तो दोन-तीन दिवस, कधी आठवडाभरही थांबत नाही. आपल्याकडे वादळ येते ते काळे ढग घेऊन येते, माणूस सावध होतो. मेल्तेमी वाहतो तो लखलखीत उन्हात. उंच बेटाच्या आडोशाला जावे तर डोंगरावरून तो झोतासारखा खाली कोसळतो. सांतोरिनीची मुख्य खाडी म्हणजे ज्वालामुखीचे बुडालेले विवर. तिथे पाणी इतके खोल की नांगर टाकायला जागा मिळणे कठीण.

या वाऱ्याचे मूळ शोधताना मला जे सापडले त्याने मी थक्क झालो. उन्हाळ्यात आशिया खंड तापतो आणि भारतीय उपखंडावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. आपला पाऊस तेच ओढून आणते. या कमी दाबाची एक जीभ इराण, इराकवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पोचते. तिकडे बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधून जो वारा सुटतो तो मेल्तेमी. म्हणजे आमच्या दापोलीच्या कौलांवर पाऊस वाजतो तेव्हा एजियन समुद्रात त्याच पावसाचा एक दूरचा भाऊ शिडे फाडत असतो. प्राचीन ग्रीक या वाऱ्याला 'दरवर्षी येणारा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आणि मॉन्सून हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. आपला मोसम तोच. समुद्रावरच्या माणसांनी दोन्हीकडे वाऱ्याला काळाचेच नाव दिले. वारा कुठला, या प्रश्नात कुठल्या महिन्यातला, हा प्रश्न आलाच.

म्हणून ठिकाण निवडताना पहिल्यांदा कॅलेंडर पाहावे. कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश व्हर्जिन बेटे नवख्यांना सोपी मानतात, कारण बेटे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत आणि मधले पाणी आडोशाचे आहे. पण तिथला हंगाम डिसेंबर ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा वादळाने तिथल्या भाड्याच्या होड्यांचा अक्षरशः ढीग केला. सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास, वारे पालटताना, समुद्र शांत होतो. क्रोएशियाच्या किनाऱ्याला बेटे, बेटुकली आणि खडक मिळून हजारावर आहेत आणि उन्हाळी दुपारचा वारा सुखाचा असतो. मात्र डोंगरावरून अचानक उतरणारा 'बुरा' नावाचा वारा तिथल्या खलाशांच्या धास्तीचा विषय आहे. ग्रीसच्याच पश्चिमेला, कोर्फू-लेफकादाच्या आयोनियन समुद्रात मेल्तेमीचा तडाखा पोचत नाही. दुपारी वारा उठतो, संध्याकाळी बहुधा पडतो. आपल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांसारखे हे वेळापत्रक.

दुसरी गोष्ट अंतराची. दिवसाला पंधरा-वीस सागरी मैल, म्हणजे तीन-चार तासांचा प्रवास पुरे. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आठ दिवसांत दहा बेटे करू पाहणारा माणूस समुद्रावर सुट्टी घालवत नाही, मजुरी करतो. तिसरी गोष्ट आडोशाची. मुक्कामाच्या प्रत्येक जागेजवळ दुसरी एक जागा हवी, जिथे वारा फिरला तर जाता येईल. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी फूटभराचा, त्यामुळे आपल्या खाडीसारखी चिखलात होडी रुतून बसण्याची भीती तिथे नाही. चौथी गोष्ट कागदपत्रांची. ग्रीस आणि क्रोएशिया शेंगेन व्यवस्थेत आहेत (क्रोएशिया २०२३पासून), तुर्कस्तान नाही. तुर्कस्तानच्या बोद्रुमसमोर ग्रीसचे कोस बेट डोळ्यांना दिसते, पण तिकडे जायचे तर दोन्ही देशांचे सोपस्कार पुरे करावे लागतात.

आणि पैशाने सगळे विकत मिळते असे ज्यांना वाटते त्यांनी 'बायेसियन' आठवावी. छप्पन्न मीटर लांबीची ही अत्यंत महागडी यॉट १९ ऑगस्ट २०२४च्या पहाटे सिसिलीच्या किनाऱ्याजवळ नांगरलेली असताना वादळात बुडाली. बावीस जणांपैकी सात गेले.

भाच्याची सुट्टी ऑगस्टमध्येच होती. महिना बदलता येत नसेल तर समुद्र बदलावा. आम्ही तुर्कस्तानचा फेतियेचा आखात निवडला. गोजेकभोवतालची बेटे आणि पाइन वृक्षांनी वेढलेले लहान कोंड यांमुळे तिथे उघड्या एजियनपेक्षा आडोसा पुष्कळ. तिथली 'गुलेत' ही लाकडी, रुंद बांध्याची होडी. तिला पाहून आपा म्हणाली, "ही तर आपल्या गलबतासारखी!"

या किनाऱ्याच्या विहाराला तुर्की भाषेत 'निळा प्रवास' म्हणतात आणि त्याचे मूळ एका शिक्षेत आहे. जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लिखाणाबद्दल १९२५ साली बोद्रुमला हद्दपार केले गेले. शिक्षा संपल्यावरही तो तिथल्या समुद्राकडे परतला आणि 'हालिकार्नासचा मच्छीमार' या नावाने लिहू लागला. हालिकार्नास हे बोद्रुमचे प्राचीन नाव. पुढे लेखक मित्रांना घेऊन तो स्पंज काढणाऱ्यांच्या साध्या होड्यांतून खाडीखाडीत हिंडला. त्याच्या मैत्रीण आझरा एरहात यांनी 'निळा प्रवास' याच नावाचे पुस्तक १९६२मध्ये लिहिले. आजच्या वातानुकूलित गुलेतींच्या मागे गरीब होड्यांतले ते लेखक आहेत. मला हे वाचून बरे वाटले. ठिकाण सुचवायला कवी अगदीच अपात्र नव्हता.

राहिला आपाचा दुसरा प्रश्न. चौथ्या दिवशी भाच्याने कप्तानाला सांगितले की केकोवाला जाऊ. भूकंपात पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्तीचे अवशेष तिथे दिसतात. वाटेत 'सात भूशिरे' नावाचा उघडा किनारा लागतो. कप्तानाने हवामानाचा अंदाज पाहिला, बाहेरच्या पाण्याकडे पाहिले आणि नाही म्हणाला. भाचा चिडला. एवढे पैसे भरलेत, आकाश तर निरभ्र आहे! कप्तानाने करारातले कलम दाखवले : सुरक्षिततेबाबत अखेरचा शब्द कप्तानाचा. आम्ही गेमिलेर बेटाच्या आडोशाला नांगरून राहिलो. दुपारी बाहेरून परतलेल्या एका होडीतली माणसे ओलीचिंब आणि पांढरीफटक होती.

तोवर आपा डेकवर एका खांबाला धरून बसत असे. त्या संध्याकाळी वाऱ्याबरोबर नांगरावर होडी फिरत राहिली, आणि तिने नमाजासाठी अंथरलेली चटई दोनदा वळवून घेतली. मग शांतपणे म्हणाली, "तांडेल चांगला आहे." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "बाबांनाही असं नाही म्हणता आलं असतं तर."

ठिकाण कुठले निवडावे, असे मला आता कोणी विचारले तर मी नाव सांगत नाही. तुमच्या सुट्टीच्या महिन्यात जिथला वारा तुम्हाला राजी आहे ते ठिकाण. आणि होडी अशी, जिच्या तांडेलाला पैसे देणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणता येते. बाकीचा ऐषाराम त्यानंतरचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)