मोटर बदलण्याआधी

नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूला कोणी छोटा सीएनसी राउटर बसवला, की सुट्या भागांसाठी त्याची नजर सुरतेकडे वळते. भुसावळ-सुरत मार्गावरची सकाळची गाडी पकडायची, मोटर किंवा ड्रायव्हर घ्यायचा आणि रात्री परत यायचे. एवढे करून जॉब पुन्हा तसाच बिघडतो. भाग बदलला, पण दोष होता तिथेच राहिला. घरगुती किंवा छोट्या कारखान्यातल्या सीएनसीबद्दलच्या काही समजुती या येरझारा वाढवतात. त्यांतल्या एकदोन तर जिवावर बेतणाऱ्या आहेत.

समज : मशीन स्टेप सोडते, म्हणजे मोटर कमी पडते.

साध्या स्टेपर मोटरीला आपण कुठे आहोत हे कंट्रोलरला सांगता येत नाही. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि मोटर तेवढी फिरली असे धरून पुढे जातो. चूक दिसते ती थेट लाकडावर. म्हणून पाना हातात घेण्याआधी बिघडलेला जॉब उजेडात नीट पाहावा. चूक कशी पडली आहे, त्यावरून ती कुठून आली याचा अंदाज बांधता येतो.

नक्षी एका जागेपर्यंत बरोबर आहे आणि तिथून पुढची सगळी एकदम सरकलेली आहे, तर त्या जागी काहीतरी अडले : सागाची गाठ, क्लॅम्प, रेलमध्ये साचलेला एमडीएफचा भुसा, नाहीतर झेपणार नाही इतके जास्त ठेवलेले ॲक्सिलरेशन. सरकणे एकाच अक्षात आणि दर वेळी वेगळे असेल, तर आधी कपलिंगवर संशय घ्यावा. मोटरचा शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू या तिघांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढायची आणि जॉब चालवायचा. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू ढिला आहे. ॲलन कीने दोन मिनिटांत काम होते.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. लांब सरळ कापात काहीच चूक नाही, पण बारीक नक्षी जसजशी वाढते तसतशी ती हळूहळू एका बाजूला सरकत जाते. दिशा जितक्या वेळा बदलली, तितकी चूक साचली. इथे मोटर निर्दोष असते. ड्रायव्हर पल्सच्या एका ठरावीक कडेला स्टेप मोजतो आणि दिशेचा सिग्नल त्याच्या थोडा आधी स्थिर व्हावा लागतो. पल्स उलटा लावलेला असेल तर नेमकी मोजणीच्या क्षणी दिशा बदलते आणि दर वळणाला एखादी स्टेप जाते. जीआरबीएलमध्ये $२ ही सेटिंग, मॅक३ मध्ये स्टेप पिनच्या ‘ॲक्टिव्ह लो’वरची खूण उलटी करून पाहायची. खर्च शून्य.

अडथळा यांत्रिक आहे की विजेचा, हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. ॲक्सिलरेशन निम्मे करा आणि तोच जॉब चालवा. चूक गेली तर जोर कमी पडत होता, तशीच राहिली तर सिग्नलमध्ये गडबड आहे. जोर कमी पडत असेल तरी लगेच मोटर मोठी करू नये. वीज बंद करून स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावा. एका टोकाकडे जड जात असेल तर स्क्रू रेलला समांतर नाही. त्या टोकाच्या बेअरिंग ब्लॉकचे बोल्ट ढिले करून गाडा त्या टोकाशी न्यावा आणि तिथे ते पुन्हा आवळावेत.

हेही निस्तरल्यावर पॉवर सप्लायकडे पाहावे. मोटरवर ३ व्होल्ट लिहिलेले असले तरी चांगला ड्रायव्हर तिला कितीतरी जास्त व्होल्टेजवर, करंट आवरून चालवतो. वेग वाढला की मोटरच्या कॉइलमध्ये करंट भरायला वेळ पुरत नाही, म्हणून जोर घटतो. व्होल्टेज जास्त असेल तर करंट लवकर भरतो. ड्रायव्हरची मर्यादा पाहून २४ च्या जागी ३६ व्होल्टचा सप्लाय लावला, तर तीच मोटर वेगात जास्त जोर देते. उलट मोठ्या मोटरीची कॉइल बहुधा जास्त इंडक्टन्सची असते. जुन्याच सप्लायवर ती वेगात आधीच्या मोटरीपेक्षाही लवकर दमते. पैसे घालवून मशीन आणखी मंद झाल्याची तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

समज : मायक्रोस्टेप जितके बारीक, तितके काम अचूक.

१.८ अंशांच्या मोटरीला एका फेऱ्यात २०० स्टेप असतात. १६ मायक्रोस्टेप ठेवले तर ३२०० पल्स. ५ मिलिमीटर लीडच्या बॉल स्क्रूवर हे मिलिमीटरला ६४० पल्स झाले. कागदावर अचूकता दीड मायक्रॉनची दिसते, पण एका सोळांश स्टेपमागे मोटरच्या पूर्ण जोराचा दहावा हिस्साच उरतो आणि तेवढा घर्षणातच खपतो. मायक्रोस्टेपने चाल गुळगुळीत होते आणि आवाज कमी होतो. तेवढ्यासाठी ते ठेवावेत.

शिवाय त्यांची किंमत वेगात मोजावी लागते. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने जायचे तर वरच्या हिशेबाने सेकंदाला ३२,००० पल्स हवेत. अर्दुइनो उनोवरच्या जीआरबीएलची क्षमता सुमारे ३०,००० ची. ८ मायक्रोस्टेपवर १६,००० त भागते.

समज : कॉम्प्युटरला यूपीएस आहे, आता लाईट गेली तरी काळजी नाही.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा, म्हणून यावर थोडे थांबतो. यूपीएस फक्त कॉम्प्युटरला असेल तर लाईट क्षणभर जाऊन आली तरी प्रोग्राम थांबत नाही. पल्स जात राहतात, पण ड्रायव्हर मेलेले असतात. लाईट आल्यावर मोटरी जिथे होत्या तिथूनच पुढे चालू लागतात आणि कंट्रोलर मात्र आपण भलतीकडे आहोत असे समजत असतो. त्यात स्पिंडलचा व्हीएफडी व्होल्टेज पडल्यामुळे ट्रिप झालेला असला, तर न फिरणारी बिट लाकडातून फरफटत नेली जाते. यूपीएस नसता तर सगळे एकदम थांबले असते आणि नुकसान कमी झाले असते.

आणखी एक गोष्ट बॉल स्क्रूची. जुना चौकोनी आट्यांचा किंवा ॲक्मे स्क्रू घर्षणामुळे जागच्या जागी राहतो. बॉल स्क्रू इतका हलका फिरतो की मोटरची वीज गेली की वजनदार स्पिंडलसह झेड अक्ष खाली सरकू शकतो. बिट जॉबमध्ये रुतते, मोडते. जड स्पिंडल असेल तर झेडला ब्रेकची मोटर किंवा वजन पेलणारी गॅस स्प्रिंग लावावी.

ड्रायव्हरला जी लाईन जाते तिच्यावरच एक रिले बसवावा आणि त्याचा कॉन्टॅक्ट कंट्रोलरच्या इमर्जन्सी स्टॉपच्या इनपुटला द्यावा. लाईट डुलकी मारते तेव्हा प्रोग्रामही त्याच क्षणी थांबतो. मग होमिंग स्विच चांगले हवेत, म्हणजे मशीनला आपली मूळ जागा पुन्हा सापडते. जॉबचा शून्यबिंदू जी५४ मध्ये ठेवावा. जीआरबीएल तो चिपच्या कायम स्मृतीत लिहिते. जी९२ ने ठेवलेला शून्य रीसेटबरोबर पुसला जातो. एवढे असेल तर होम करून, बिट वर उचलून, स्पिंडल चालू करून, चार ओळी मागून काम पुन्हा धरता येते आणि सागाची फळी वाया जात नाही.

समज : प्ले सॉफ्टवेअरमधून काढता येतो.

वर्तुळ कापल्यावर चार ठिकाणी, जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे, सपाटी किंवा पायरी दिसली तर प्ले आहे. डायल गेज लावा. अक्ष १ मिलिमीटर पुढे न्या, मग मागे आणा, काटा किती मागे राहतो ते पाहा. नंतर गाडा हाताने ढकलून पाहा. बहुतेक वेळा स्क्रू चांगला असतो. त्याच्या मोटरकडच्या बेअरिंगचा नट आवळलेला नसतो, किंवा ब्रॅकेटचे बोल्ट हललेले असतात. सॉफ्टवेअरची भरपाई छिद्रे पाडताना उपयोगी पडते. बाजूने कापताना कटर स्वतःच गाडा ओढतो आणि प्ले इकडून तिकडे उडतो. तिथे कोणतेही गणित चालत नाही. मूळ जीआरबीएलमध्ये ही सोयच ठेवलेली नाही.

माप चुकले की स्टेप-प्रति-मिलिमीटरचा आकडा बदलायचा, ही याचीच जोड सवय. आधी एक ५० चा आणि एक २०० चा चौकोन कापून मोजावा. दोन्हीकडे ०.२ चीच चूक असेल तर ती कटरच्या व्यासाची किंवा प्लेची. ५० ला ०.२ आणि २०० ला ०.८ असेल तरच आकड्याला हात लावावा.

समज : न्यूट्रलला जोडले की अर्थिंग झाले.

हा समज माणूस मारू शकतो. न्यूट्रलमधून चालू करंट वाहतो. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर जोडलेल्या लोडमधून २३० व्होल्ट मशीनच्या सांगाड्यावर येतात आणि त्या सांगाड्याला हात लावून कोणीतरी जॉब बदलत असतो. अर्थिंग स्वतंत्रच हवे आणि ते परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे. काळी माती मे महिन्यात वाळून भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालणे हे उन्हाळ्यातले नियमित काम समजावे.

अर्थिंग वाईट असले की मशीन वेड्यासारखे वागते : काही धडकलेले नसताना लिमिट स्विच लागल्याचा अलार्म, स्पिंडल सुरू होताच यूएसबी तुटणे. लोक यावर स्टॅबिलायझर आणतात. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो. व्हीएफडीने पसरवलेला गोंगाट त्याला अडवता येत नाही. स्पिंडलची केबल शील्डची घ्यावी, शील्ड व्हीएफडीच्या अर्थला जोडावे, लिमिटच्या तारा तिच्यापासून दूर न्याव्यात. स्विच ‘नॉर्मली क्लोज’ जोडावेत. तार उंदराने कुरतडली तर मशीन थांबते. उलट जोडणीत ते धडकेपर्यंत कळत नाही.

समज : २.२ किलोवॉटचा स्पिंडल म्हणजे कोणत्याही वेगाला तीन हॉर्सपॉवर.

तो आकडा ४०० हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा. १०० हर्ट्झवर, ६००० फेऱ्यांना, त्याच्या चौथाई ताकद मिळते. त्याहून महत्त्वाचे व्हीएफडीच्या सेटिंगचे. मूळ फ्रिक्वेन्सी ५० वर राहिली तर ४०० हर्ट्झला मिळायचे व्होल्टेज ५० लाच मिळते आणि वाइंडिंग जळते. नवा व्हीएफडी जोडला की चालू करण्याआधी हा आकडा पाहायचाच.

समज : मोटर तापते, म्हणजे ती जायला आली.

स्टेपर उभी असतानाही करंट घेते. हात ठेववत नाही इतकी, ७०-८० अंशांपर्यंत ती तापू शकते. तिचे इन्सुलेशन साधारण १३० अंशांचे असते. काळजी कंट्रोल बॉक्सची करावी. पत्र्याखाली उन्हाळ्यात तो भाजतो आणि कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांमागे जवळजवळ निम्मे होते. पंखा लावा, पंख्याला जाळी लावा, जाळी झाडा. आणि चालू मशीनमध्ये मोटरचा प्लग कधीही उपसू नका. त्या एका ठिणगीत ड्रायव्हर जातो.

समज : जुन्या मशीनला कंट्रोल चढवणे म्हणजे जुगाड.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत अंकनियंत्रित यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक झाले. ते यंत्र नवे घडवलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल या तयार मिलिंग मशीनवर व्हॅक्यूम ट्यूबांचा कंट्रोल चढवला होता. म्हणजे या विद्येची सुरुवातच रेट्रोफिटने झाली. लिनक्ससीएनसी हे आजचे मुक्त सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या प्रकल्पातून निघाले. त्याला योग्य कार्ड जोडले की एन्कोडरच्या सर्व्होही चालवता येतात. कंट्रोलर मेलेले, पण लोखंड आणि सर्व्हो शाबूत असलेले जुने मशीन त्यावर उभे राहते. पॅरलल पोर्टवर मॅक३ चालवायचे तर ३२ बिटचे विंडोज लागते, म्हणून तसला जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नये.

हे इंजिनिअरांचेच काम आहे, असे मानून मागे राहण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुले तिथे हातांनी काम करत शिकतात. २००२ मध्ये त्याच आश्रमात एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. आयटीआयमधून निघालेला नंदुरबारचा फिटर आणि वायरमन एकत्र बसले, तर रेट्रोफिटला लागणारे बहुतेक कौशल्य त्या दोघांत आधीच असते.

मात्र मशीन निवडताना डोळे उघडे हवेत. कंट्रोल, मोटर, स्क्रू सगळे बदलता येते. झिजलेले बेड बदलता येत नाही, आणि ते घासून सरळ करणे खर्चाचे काम आहे. लेथ घेत असाल तर चकजवळ, जिथे रोजचे काम झाले आहे, तिथे गाडा आणून गिबचा प्ले काढा. मग गाडा टेलस्टॉकच्या टोकाकडे न्या. तिकडे तो अडकला, तर बेड चकजवळ झिजलेले आहे. झीज थोडी असेल तर भाव पाडून घ्या, जास्त असेल तर दुसरे मशीन पाहा.