खारपाण पट्ट्यातील मत्स्यपेटी

पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यपेटीत झेब्रा डॅनिओसारखे जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचे, थव्याने राहणारे मासे पाळायचे झाल्यास आधी पाण्याचा विचार करावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यात तर तो अधिकच, कारण पूर्णा खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा बराच भाग खारपाण पट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या प्रदेशात येतो. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यात वाढणारा निऑन टेट्रा अशा बोअरच्या पाण्यात तगणे कठीण असते. उलट भारतीय उपखंडातलाच झेब्रा डॅनिओ काहीसे जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले, पाणी सोसतो, तरीही फार खारे पाणी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळूनच वापरणे उचित. हे मासे किमान ६ ते ८ असावेत, कारण थव्यावाचून एकटा मासा सतत भेदरलेला राहतो, आणि त्याला तसे ठेवणे क्रौर्यच होय. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, शिवाय दिवसा प्राणवायू देणाऱ्या व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पतीही रात्री तो शोषून घेतात. त्यामुळे पहाटेची वेळ माशांसाठी सर्वांत धोक्याची असते आणि हवेचा पंप रात्रभर चालू ठेवणे अगत्याचे ठरते.