व्हिएन्नातले गुरुवार

४ फेब्रुवारी २००० रोजी ऑस्ट्रियाचे नवे मंत्रिमंडळ शपथविधीला भुयारातून गेले. चॅन्सेलरचे कार्यालय आणि राष्ट्राध्यक्षांचा हॉफबुर्ग राजवाडा यांच्यामध्ये बालहाउसप्लात्स नावाचा एक चौक आहे, चालत ओलांडावा एवढाच. त्या दिवशी तो संतापलेल्या नागरिकांनी भरलेला होता. राष्ट्राध्यक्ष थॉमस क्लेस्टिल यांनी चेहऱ्यावरची नाराजी न लपवता शपथ दिली. मंत्र्यांच्या यादीतली दोन नावे त्यांनी आधीच नाकारली होती, आणि लोकशाही मूल्यांची हमी देणाऱ्या निवेदनावर दोन्ही पक्षप्रमुखांच्या सह्या घेतल्या होत्या.

चार महिन्यांपूर्वी, ३ ऑक्टोबर १९९९ च्या निवडणुकीत, सोशल डेमोक्रॅट पक्ष पहिला आला होता, पण ३३ टक्क्यांवर घसरून. यॉर्ग हायडर यांची फ्रीडम पार्टी आणि वोल्फगांग श्युसेल यांची पीपल्स पार्टी, दोघींना २६.९ टक्के. फ्रीडम पार्टी फक्त ४१५ मतांनी पुढे. तिसरे आलो तर विरोधी बाकांवर बसू, असे श्युसेल यांनी निवडणुकीआधी सांगितले होते. ते तिसरे आले, आणि फ्रीडम पार्टीशी हातमिळवणी करून चॅन्सेलर झाले. १९७० पासून चॅन्सेलरपद सांभाळणारा डावा सोशल डेमोक्रॅट पक्ष बाहेर पडला.

सरकारे बदलतात, त्यात एवढे काय, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण फ्रीडम पार्टीचा पहिला अध्यक्ष आन्टोन राइन्थालर नाझी राजवटीत एस.एस.चा अधिकारी होता. थर्ड राइखचे रोजगार धोरण व्यवस्थित होते, असे हायडर १९९१ मध्ये विधिमंडळात बोलले आणि त्यांना कॅरिंथियाचे राज्यप्रमुखपद सोडावे लागले. १९९५ मध्ये वाफेन-एस.एस.च्या माजी सैनिकांसमोर जाऊन त्यांनी त्यांच्या चारित्र्याची तारीफ केली. लोक रस्त्यावर आले ते हे विसरायला तयार नव्हते म्हणून, आणि ते बरोबरच होते.

१९ फेब्रुवारीला हेल्डनप्लात्सवर किमान दीड लाख माणसे जमली. आयोजकांचा आकडा तीन लाखांचा. देशाची लोकसंख्या ८० लाख. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याची घोषणा केली ती याच मैदानावर, जल्लोष करणाऱ्या गर्दीपुढे. मोर्चाला आलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. म्हणून त्या मैदानात उभे राहण्यालाच अर्थ होता.

मात्र मला त्या एका महासभेपेक्षा तिच्या आगेमागे सुरू झालेले गुरुवार मोठे वाटतात. दर गुरुवारी संध्याकाळी लोक चॅन्सेलर कार्यालयासमोर जमत आणि चालू लागत. मार्ग पुष्कळदा आधी ठरलेला नसे. पुढचे वळण कुठे, हे पोलिसांनाही कळत नसे. विद्यार्थी, ग्रीन पक्षाचे आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते, वंशद्वेषविरोधी गट, निवृत्त शिक्षक, कुठल्याच पक्षाचे नसलेले कितीतरी. घोषणा एकच, प्रतिकाराची. थंडी गेली, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली. संख्या हजारांवरून शेकड्यांवर आली तरी चालणे थांबले नाही. नाटककार एल्फ्रीडे येलिनेक यांनी आपल्या नाटकांच्या ऑस्ट्रियातल्या प्रयोगांना मनाई केली आणि हायडरवर लिहिलेला एकपात्री मजकूर जूनमध्ये बालहाउसप्लात्सवरच सादर झाला. त्याच जूनमध्ये जर्मन दिग्दर्शक क्रिस्टोफ श्लिंगेनझीफ यांनी ऑपेरा हाऊसशेजारी कंटेनर ठेवले, आश्रय मागणाऱ्यांच्या भूमिकेतली माणसे त्यांत बसवली आणि कुणाला देशाबाहेर काढायचे यावर लोकांकडून मते मागवली. फ्रीडम पार्टीच्या प्रचाराचा खरा अर्थ भर रस्त्यात उघडा पडला.

याच काळात युरोपीय संघातल्या बाकीच्या १४ देशांनी ऑस्ट्रियाशी द्विपक्षीय राजनैतिक संबंध मर्यादित केले. हेतू चांगला असेल. परिणाम उलटा झाला. परके लोक देशाला धडा शिकवायला निघालेत, ही ओरड श्युसेल यांना आयती मिळाली आणि रस्त्यावर चालणारे देशद्रोही ठरवले जाऊ लागले. सप्टेंबरमध्ये तीन तज्ज्ञांचा अहवाल आला आणि निर्बंध उठले. सरकार होते तिथेच राहिले.

डाव्यांच्या मागच्या व्यवहाराकडे पाहिल्याशिवाय हा मागोवा प्रामाणिक होणार नाही. १९७० मध्ये सोशल डेमोक्रॅट चॅन्सेलर ब्रुनो क्रायस्की यांचे अल्पमतातले सरकार तगले ते फ्रीडम पार्टीच्या बाहेरून पाठिंब्यावर. त्या पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रीडरिश पेटर सामूहिक हत्या करणाऱ्या एस.एस.च्या तुकडीत होते, हे नाझी गुन्हेगारांचा शोध घेणारे सिमोन वीझेन्टाल यांनी १९७५ मध्ये उजेडात आणले, तेव्हा क्रायस्की उलट वीझेन्टाल यांच्यावरच तुटून पडले. १९८३ मध्ये सोशल डेमोक्रॅटांनी या पक्षाला थेट मंत्रिमंडळात घेतले. १९८६ मध्ये हायडर पक्षाध्यक्ष झाल्यावर चॅन्सेलर फ्रान्त्स व्रानित्स्की यांनी ती युती मोडली, हे त्यांचे श्रेय. पण पुढच्या दशकात स्थलांतर आणि आश्रयाचे कायदे कडक झाले ते सोशल डेमोक्रॅट गृहमंत्र्यांच्याच काळात. १ मे १९९९ रोजी, कामगार दिनी, मार्कस ओमोफुमा हा नायजेरियन आश्रयार्थी परत पाठवणीच्या विमानात मरण पावला. पोलिसांनी त्याचे तोंड चिकटपट्टीने बांधले होते. गृहमंत्री सोशल डेमोक्रॅट होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत कारखान्यातल्या कामगारांत सर्वाधिक मते फ्रीडम पार्टीने घेतली. हायडरची अर्धी भाषा सरकारनेच उचलली होती; उरलेल्या अर्ध्यासाठी लोक मूळ दुकानात गेले.

हे कामगार गुरुवारच्या मोर्चात दिसले नाहीत. मोर्चा पक्षाच्या भूतकाळाबद्दल बोलत होता, आणि ते बोलायलाच हवे होते. पण पगाराचे आणि पेन्शनचे काय, हे तिथे क्वचितच ऐकू येई. २००२ मध्ये युती पडली ती फ्रीडम पार्टीतल्या अंतर्गत बंडाने. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ती १० टक्क्यांवर कोसळली, पण तिची बहुतेक मते श्युसेल यांनी पळवली, ४२ टक्के मिळवले आणि त्याच पक्षाला पुन्हा सोबत घेतले. सरकारला खरा धक्का बसला २००३ मध्ये, पेन्शन कपातीच्या वेळी. ६ मे आणि ३ जूनला कामगार संघटनांनी संप पुकारले. ऑस्ट्रियाने कित्येक दशकांत एवढा संप पाहिला नव्हता. प्रस्ताव पूर्ण मागे घेतला गेला नाही, पण सौम्य करावा लागला. तीन वर्षे गुरुवारी चालणारे आणि कारखान्यात काम करणारे तेव्हा कुठे एका बाजूला आले. ती जवळीक टिकवण्याऐवजी कॅरिंथियातल्या सोशल डेमोक्रॅटांनी २००४ मध्ये समझोता करून हायडरना पुन्हा राज्यप्रमुख होऊ दिले. हा विश्वासघात होता, दुसरा सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये फ्रीडम पार्टी पुन्हा सत्तेत आली तेव्हा युरोपात कुणी भुवई उंचावली नाही. रोज १२ तास कामाची मुभा देणाऱ्या कायद्याविरुद्ध जून २०१८ मध्ये कामगार संघटनांच्या मोर्चात ८० हजारांहून अधिक लोक आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरुवारही परतले. सरकार मात्र मे २०१९ मध्ये फ्रीडम पार्टीचे उपचॅन्सेलर श्त्राखे सरकारी कंत्राटांचे आमिष दाखवत असल्याच्या, इबिझा बेटावरच्या गुप्त चित्रफितीने पाडले.

सप्टेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत हर्बर्ट किकल यांच्या नेतृत्वाखाली फ्रीडम पार्टी २८.८ टक्क्यांसह पहिली आली; देशाच्या संसदीय निवडणुकीत हे पहिल्यांदाच घडले. ९ जानेवारी २०२५ च्या गुरुवारी बालहाउसप्लात्स पुन्हा हजारोंनी भरला. फेब्रुवारीत किकल यांच्या सरकार बनवण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या, त्यातही गृहखाते कुणाचे हा वाद मोठा होता. मार्चमध्ये पीपल्स पार्टी, सोशल डेमोक्रॅट आणि उदारमतवादी निओस यांचे सरकार आले. अर्थमंत्री झाले मार्कुस मार्टरबाउअर, कामगार चेंबर या कामगारांच्या प्रतिनिधी संस्थेतले डावे अर्थतज्ज्ञ. तिजोरीतली तूट भरून काढण्यासाठी या सरकारने जूनपासून पेन्शनधारकांची आरोग्य विम्याची वर्गणी ५.१ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर नेली.