लाजिरवाण्या मरणाची घोषणा

चर्चच्या शिखरावर, वेदीवर आणि गळ्यातल्या साखळीत दिसणारा क्रूस आज इतका परिचयाचा झाला आहे की, मुळात तो माणसाला हालहाल करून मारण्यासाठी वापरला जाई, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि ती नजरेआड झाली की ख्रिस्ती श्रद्धेतला क्रूसाचा अर्थही निसटतो. रोमन साम्राज्यात ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांना, बंडखोरांना आणि रोमचे नागरिकत्व नसलेल्या खालच्या थरातील लोकांना दिली जाई. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडून काढल्यावर पकडलेल्या सुमारे ६,००० गुलामांना कापुआपासून रोमपर्यंत अपियन मार्गाच्या कडेने क्रूसावर चढवण्यात आले. शिक्षा भर रस्त्यावर होई, अपराध्याला बहुधा विवस्त्र केले जाई आणि मरण यायला कित्येक तास, कधी दिवसही लागत. त्यामागे केवळ जीव घेण्याचा हेतू नव्हता. त्या माणसाची अब्रू आणि त्याच्या बाजूने उभे राहण्याची इतरांची हिंमत यांचाही त्याबरोबर शेवट व्हावा, अशी ती योजना होती. क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानांपासून दूर राहावा, असे वक्ता सिसेरो याने एका खटल्यातील भाषणात म्हटले होते.

इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांताचा सुभेदार असलेल्या पंतय पिलाताच्या हुकमाने येशूला जेरुसलेमच्या वेशीबाहेर याच रीतीने मारण्यात आले. यहुदी श्रोत्यांच्या दृष्टीने त्यात आणखी एक अडचण होती: झाडावर टांगलेला मनुष्य देवाच्या शापाखाली असतो, असे त्यांच्या धर्मशास्त्रात सांगितले होते. ज्या मसीहाची, म्हणजे देवाने अभिषिक्त केलेल्या राजाची, पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, तो शापित होऊन मरावा ही कल्पना त्यांना सहन होण्याजोगी नव्हती. प्रेषित पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात ही अडचण लपवलेली नाही; हा संदेश यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो हे तो मान्य करतो, आणि तरीही याच दुबळेपणात देवाचे सामर्थ्य प्रकट झाले असे ठामपणे सांगतो. ख्रिस्ती धर्माचे सारे धाडस या विधानात एकवटले आहे. पुनरुत्थानावरील विश्वास, म्हणजे देवाने येशूला मेलेल्यांतून उठवले ही श्रद्धा, त्याच्या मुळाशी आहे. सत्तेने ज्याला गुन्हेगार ठरवले त्यालाच देवाने आपला म्हटले, असा त्या श्रद्धेचा आशय आहे.

इतरांना ही श्रद्धा किती हास्यास्पद वाटे, याचा पुरावा रोममधील पॅलेटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडला. भिंतीवर कोरलेल्या त्या ओबडधोबड चित्रात क्रूसावर गाढवाचे डोके असलेला मनुष्य आहे, समोर हात उंचावलेला भक्त आहे, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे अशा अर्थाचा ग्रीक मजकूर खाली आहे. ख्रिस्ती लोक कपाळावर क्रूसाची खूण करीत, हे इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन नोंदवतो. पण भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर त्यांनी चितारले ते मासा, जहाजाचा नांगर आणि मेंढपाळ. रोमच्या सांता सबिना चर्चच्या पाचव्या शतकातील लाकडी दारावर क्रूसावरील ख्रिस्त कोरलेला दिसतो, तो अशा सार्वजनिक शिल्पांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक होय. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ३१२ मधील विजयानंतर क्रूस राजसत्तेच्या आश्रयाला आला आणि पुढे सैन्याच्या निशाणांवरही चढला, ही त्याच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक विसंगती आहे.

एका माणसाच्या मरणाने सर्वांचे तारण, म्हणजे पापापासून आणि मृत्यूपासून सुटका, नेमकी कशी होते, याचे एकच उत्तर कोणत्याही सार्वत्रिक धर्मसभेने बंधनकारक केले नाही. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने ख्रिस्ताचे मरण ही सैतानाच्या ताब्यातील मानवजातीला सोडवण्यासाठी दिलेली खंडणी मानली. त्याचाच मित्र नाझियान्झसच्या ग्रेगरीला सैतानाला मोबदला देण्याची कल्पनाच संतापजनक वाटली. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात सरंजामी समाजाला पटेल असा विचार मांडला: देवाच्या मानाला पापाने पोचलेली बाधा भरून काढणे माणसाचे कर्तव्य, पण तेवढे सामर्थ्य देवाचेच, म्हणून देव असलेला मनुष्यच ते करू शकतो. फ्रेंच तत्त्वज्ञ आबेलारने भर दिला तो क्रूसावर दिसणाऱ्या प्रेमाने माणसाचे मन पालटण्यावर. सोळाव्या शतकात, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्व्हिनने अपराध्याच्या जागी दुसऱ्याने भोगलेल्या शिक्षेची भाषा वापरली. या प्रत्येक मांडणीत काही सत्य आहे; मात्र क्रूसाला हिशेबाचे रूप आले की मरणाऱ्याची विटंबना मागे पडते, आणि जे पौलाला सर्वांत महत्त्वाचे वाटले तेच हातून जाते.

दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झालेल्या युर्गेन मोल्टमान या जर्मन विचारवंताने १९७२ मध्ये ‘क्रूसावर खिळलेला देव’ या अर्थाचे नाव असलेल्या ग्रंथात ही विटंबना पुन्हा केंद्रस्थानी आणली. देव दुःखापलीकडे आहे ही जुनी समजूत बाजूला सारून, पुत्राच्या मरणात पित्यालाही वेदना झाली असे त्याने मांडले, आणि त्यावरचा वाद अजून संपलेला नाही. दुःखाचे असे गौरवीकरण करणे धोक्याचे आहे, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेपही गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण ‘आपापला क्रूस वाहा’ असे सांगून गुलामांना आणि घरात मार खाणाऱ्या बायकांना गप्प बसवण्यात आल्याचे इतिहास सांगतो. कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक जेम्स कोन याने २०११ मधील ग्रंथात, जमावाने कृष्णवर्णीयांना जिथे फाशी दिले त्या झाडाशेजारी क्रूस ठेवून पाहिला, आणि क्रूसावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिणाऱ्या गोऱ्या पंडितांना हे साम्य कसे दिसले नाही, असे विचारले. एल साल्व्हादोरमध्ये १९८९ साली सैनिकांच्या हातून मारला गेलेला जेझुइट विचारवंत इग्नासियो एयाकुरिया गरिबीने आणि दडपशाहीने भरडलेल्या जनतेला क्रूसावर खिळलेली जनता म्हणत असे. आणि तिला सहनशीलतेचे धडे देण्यापेक्षा क्रूसावरून खाली उतरवणे हेच चर्चचे काम आहे, असे त्याचे म्हणणे होते.