लॅपटॉपसाठी ध्वनिक्षेपकाची निवड

काशीच्या संकठा घाटावर पहाटेच्या वेळी अनेक ध्वनी एकदम कानी येतात. वर संकठा देवीच्या मंदिरातील घंटा वाजत असते, खाली पायऱ्यांवर पाणी आपटत असते, आणि पात्रातून यंत्रावर चालणाऱ्या नावांची घरघर येत असते. या घाटाच्या एका अंगास शिंदे घाट आहे, तर दुसऱ्या अंगास थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांनी बांधविलेला घाट. तसेच पुढे पंचगंगा घाटाच्या दिशेने गेले, म्हणजे बालाजीचे मंदिर लागते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी आपल्या सनईचा रियाज याच मंदिरात केला. तबल्याच्या बनारस घराण्याचे हे माहेरघर. इ. स. २०१५ मध्ये युनेस्कोने या नगरीस संगीतनगरी म्हणून मान्यता दिली, ती उगीच नव्हे.

अशा नगरीतील तबला शिकणारा एखादा विद्यार्थी आज आपल्या लॅपटॉपवर थोर वादकांची ध्वनिमुद्रणे लावतो. दायाँ त्यास स्पष्ट ऐकू येतो. परंतु डग्ग्याचा घुमारा मात्र पत्र्याच्या डब्यावर बोट मारल्यासारखा पोकळ लागतो. दोष वादकाचा नाही, ध्वनिमुद्रणाचाही नाही. दोष आहे तो लॅपटॉपच्या पोटात बसविलेल्या दोन चिमुकल्या ध्वनिक्षेपकांचा. अनुकरणाने शिकणाऱ्यास हा दोष महाग पडतो; कारण जे कानी पडत नाही ते हातातही उतरत नाही. म्हणून निराळे ध्वनिक्षेपक, म्हणजेच बाजारातील नेहमीच्या शब्दांत स्पीकर, घेण्याचा विचार तो करतो. दुकानात मात्र मोठमोठे आकडे छापलेल्या खोक्यांची रांग असते. त्यांतून निवड कोणत्या तत्त्वावर करावी?

ध्वनिक्षेपक काय करतो?

वस्तूच्या कंपनाने हवेत दाबाच्या लाटा उत्पन्न होतात. त्या कानाच्या पडद्यावर आदळल्या म्हणजे आपणांस ध्वनी ऐकू येतो. तरुण व निरोगी माणसाचा कान दर सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपने ग्रहण करू शकतो. एका सेकंदातील कंपनांच्या संख्येस हर्ट्‌झ या एककात मोजतात.

आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांची रचना अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी इ. स. १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेवर आधारलेली आहे. एका चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे लोंबते ठेवलेले असते व ते कागदाच्या किंवा तत्सम पदार्थाच्या शंकूस चिकटविलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला, की ते पुढेमागे हलते. त्याबरोबर शंकू हलतो आणि शंकूबरोबर हवा.

येथेच आकाराचा प्रश्न येतो. स्वर जितका खालचा, तितकी अधिक हवा हलवावी लागते. २४० हर्ट्‌झचा स्वर जितक्या जोराने ऐकू येतो, तितक्याच जोराचा ६० हर्ट्‌झचा स्वर काढावयाचा असेल, तर त्याच शंकूस सोळापट लांब हेलकावा घ्यावा लागतो. कंपनसंख्या चौथा हिस्सा झाली, की हेलकावा चाराच्या वर्गाने वाढतो. लॅपटॉपमधील दोनतीन सेंटिमीटर व्यासाच्या शंकूस इतके हलण्यास जागाच नसते. याउलट शंकूचा व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि चतुर्थांश हेलकाव्यात तेच काम होते. म्हणून केवळ विद्युत्शक्ती वाढवून लहान शंकूकडून डग्ग्याचा मूलस्वर काढता येत नाही.

मग लॅपटॉपवर पुरुषाचा जाड आवाज ओळखू तरी कसा येतो? मूलस्वर नाहीसा झाला, तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर शिल्लक राहतात, आणि त्यांवरून आपला मेंदू हरवलेल्या मूलस्वराची उंची ताडतो. स्वर ओळखता येतो, पण त्याचे वजन जाते. डग्ग्यावर तळहात दाबून काढलेली मींड नेमकी या वजनावर उभी असते.

तबल्याची कसोटी

तबला हे ध्वनिक्षेपकाची परीक्षा घेण्यास उत्तम वाद्य आहे. सामान्य ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी मेळ खात नाहीत, म्हणून त्यास निश्चित स्वर नसतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी इ. स. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह, व पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने, असे दाखविले की शाईच्या वजनामुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर १, २, ३, ४, ५ अशा सरळ प्रमाणात येतात. ज्या ध्वनिक्षेपकात यांतील काही उपस्वर फुगतात व काही दबतात, त्यावर वाजणारा तबला खऱ्या तबल्यासारखा वाटत नाही. कान याची साक्ष तत्काळ देतो.

सनई ही दुसरी कसोटी. तिच्यात वरचे उपस्वर विपुल असतात. सामान्य ध्वनिक्षेपकात ती कर्कश होते. तानपुरा ही तिसरी. त्याची जवारी सलग न लागता तुटक किंवा खरखरीत लागल्यास दोष समजावा. चौथी कसोटी मानवी वाणीची आहे. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद मुख्यतः वरच्या कंपनसंख्यांत असतो. जुन्या दूरध्वनीच्या तारेवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ इतकाच पट्टा जात असे. म्हणून त्यावर ‘स’ व ‘फ’ यांचा घोटाळा होई. ब्रह्माघाट व दुर्गाघाट या भागांत मराठी वैदिकांची जुनी वस्ती आहे. तेथील पाठशाळेतल्या मुलास ध्वनिमुद्रित संथा ऐकावयाची असेल, तर त्यास घुमाऱ्यापेक्षा या स्पष्टतेची गरज अधिक. तेव्हा ध्वनिक्षेपक कशासाठी हवा, हे आधी ठरवावे. किंमत नंतर पाहावी.

खोक्यावरील आकडे

खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा बहुधा फसवा असतो. क्षणार्धापुरती सैद्धांतिक शक्ती सांगणारे आकडे सतत मिळणाऱ्या शक्तीच्या अनेकपट असू शकतात. त्याची शहानिशा साध्या गुणाकाराने करता येते. लॅपटॉपच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीतून ५ व्होल्ट दाबाचा ०.५ अँपिअर प्रवाह मिळतो, म्हणजे २.५ वॅट. नंतरच्या जोडणीत ०.९ अँपिअर धरला तरी ४.५ वॅट होतात. स्वतःची विद्युत्घटमाला नसलेला आणि केवळ अशा जोडणीवर चालणारा ध्वनिक्षेपक सतत शंभर वॅट देतो असे कोणी म्हणत असेल, तर ती शक्ती येते कोठून, असे त्यास विचारावे.

शिवाय शक्ती दुप्पट केल्याने ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज कानास दुप्पट मोठा वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून ५ वॅट व १० वॅट यांतील फरक दुकानदार सांगतो तेवढा मोठा नाही.

‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हा आकडाही एकटा निरर्थक आहे. त्या पट्ट्यात पातळी किती कमीअधिक होते, हे सोबत सांगितलेले असावे. ‘८० ते १८,००० हर्ट्‌झ, ३ डेसिबेल कमीअधिक’ असे लिहिणारा निर्माता अधिक विश्वासार्ह होय. पेटीही पाहावी. शंकू पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ करतो. या दोन लाटा एकत्र आल्यास खालचे स्वर परस्परांस मारतात. त्यांस वेगळे ठेवणे हे पेटीचे पहिले काम. पेटी भक्कम असावी. आवाज वाढविल्यावर ती स्वतःच थरथरू लागली तर ती टाकाऊ समजावी.

बिनतारी जोडणीत ध्वनी थोडा मागे पडतो, कित्येकदा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक. घाटापासून ३४ मीटरांवरील नावेत बसलेल्यास घंटेवरील टोला दिसल्यानंतर एकदशांश सेकंदाने तिचा नाद ऐकू येतो. तेवढेच हे अंतर. नुसते गाणे ऐकण्यास याचा अडथळा नाही. परंतु पडद्यावर गुरूचा हात पाहून बोल शिकावयाचा असेल, तर तारेची जोडणी बरी.

निवडताना आणि मांडताना

दोन ध्वनिक्षेपकांची तुलना करताना दोहोंचा आवाज प्रथम समान करावा. किंचित मोठा वाजणारा ध्वनिक्षेपक नेहमी अधिक चांगला वाटतो. हा कानाचा भ्रम आहे आणि विक्रेत्यास तो ठाऊक असतो. परिचयाचे एकच ध्वनिमुद्रण दोन्हींवर लावावे, आणि शक्य असल्यास कोणता वाजत आहे हे न पाहता ऐकावे. नंतर आवाज तीनचतुर्थांश वाढवून फाटतो का ते पाहावे. शेवटी काहीही न वाजविता गुणगुण ऐकू येते का, तेही तपासावे. अगदी हळू आवाजात खालचे स्वर अधिक लवकर लोपतात. हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी इ. स. १९३३ मध्ये कानाचा हा धर्म मोजून दाखविला. रात्री हळू ऐकताना डग्गा क्षीण वाटला, तर तो केवळ यंत्राचाच दोष मानू नये.

जागेचाही विचार हवा. संकठा घाटाच्या मोकळ्या पायऱ्यांवर ध्वनी परतवावयास छत नाही. अंतर दुप्पट झाले, की पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. तेथे लहान ध्वनिक्षेपक दुबळा भासतो. तोच घाटामागच्या गल्लीतील दगडी खोलीत नेला, तर भिंती ध्वनी परतवितात; निनाद वाढतो व अक्षरे एकमेकांत मिसळतात. वॉलेस सेबाइन यांनी हार्वर्ड येथे इ. स. १८९५ पासून केलेल्या प्रयोगांत बैठकीच्या गाद्या आणून ठेवताच निनाद घटल्याचे आढळले. आपल्या घरी सतरंजी, पडदा किंवा पुस्तकांचे कपाट हेच काम करते. ध्वनिक्षेपक कोपऱ्यात कोंबू नयेत. तेथे खालचे स्वर अवास्तव फुगतात. दोन ध्वनिक्षेपक आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, आणि शंकू कानाच्या उंचीवर यावेत. यास खर्च काहीच नाही.

एक मर्यादा अखेरीस लक्षात ठेवावी. ध्वनिप्रदूषणविषयक इ. स. २००० च्या भारतीय नियमांनुसार निवासी भागातील ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. चांगला ध्वनिक्षेपक मोठ्याने वाजतो म्हणून चांगला ठरत नाही. हळू वाजवूनही त्यात डग्गा डग्ग्यासारखा व ‘स’ हा ‘स’सारखा ऐकू येतो, म्हणून तो चांगला. असा ध्वनिक्षेपक मिळालेल्या विद्यार्थ्यास शेजाऱ्याची झोप मोडण्याचे कारण उरत नाही.