वहिनींचा फोन आणि हिशेबाची वही

आमच्या लहानपणी रेडिओ खरखरू लागला की वडील त्याच्या पाठीवर एक थाप मारीत, आणि पुष्कळदा रेडिओ वठणीवर येई. मोबाइलच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. तो मुळातच नाजूक, आणि शिवाय सगळा संसार त्याच्या पोटात. त्यामुळे तो रुसला की घरातली मोठी माणसे घाबरतात, आणि तरुण मंडळी घाई करतात. या दोन्ही गोष्टींनी काय होऊ शकते, ते यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरी दिसले.

एका संध्याकाळी ठाण्याहून थोरल्या वहिनींचा व्हिडिओवर फोन आला. "भाऊजी, माझ्या फोनला काय झालंय कोण जाणे. मधेच काळा होतो आणि आपला आपण पुन्हा..." एवढे बोलल्या आणि पडद्यावरच्या वहिनी नाहीशा झाल्या! दोन मिनिटांनी पुन्हा घंटी. "बघितलंत ना? हे असं! दिवसातून चार-पाच वेळा."

रविवारी मी ठाण्याला गेलो. तोवर पुतण्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आला होता. दुकानदाराने फोन उघडूनही न पाहता निदान केले होते : "सगळं उडवून कोरा करून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"आई, चल, मीच करून टाकतो. फॅक्टरी रीसेट. दोन बटणं दाबायची." पुतण्या म्हणाला.

"सगळं उडवून म्हणजे काय रे?" वहिनींनी विचारले.

"म्हणजे फोन विकत आणला तेव्हा होता तसा होणार."

"आणि ह्यांचे निरोप?"

पुतण्याचा हात जागच्या जागी थांबला. माझ्या थोरल्या भावाला जाऊन दोन वर्षे झाली. बाजारात गेला की तो व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवी. वहिनींनी त्यांतला एकही पुसला नव्हता. त्या फोनची प्रत, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात ती, कधी घेतली होती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

आधी प्रत, मग उपचार

वाचकहो, फोन आपोआप बंद-चालू होऊ लागला की पहिले काम दुरुस्तीचे नव्हे. पहिले काम आतला ऐवज सुरक्षित जागी हलवण्याचे. घराला गळती लागली तर गवंड्याला बोलावण्याआधी आपण गाद्या-उशा उचलतो, तसेच हे. आज पाच वेळा बंद पडणारा फोन उद्या मुळीच सुरू झाला नाही तर आतले बाहेर काढणे फार अवघड, कधीकधी अशक्यच.

आम्ही फोन तारेने संगणकाला जोडला. छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपच्या बोलक्या निरोपांची सगळी पेटी संगणकावर उतरवून घेतली. शिवाय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन गूगल खात्यावर बॅकअप ठेवला. त्या खात्याचा परवलीचा शब्द वहिनींच्या लक्षात आहे की नाही, हेही पाहून घेतले. कारण फोन कोरा केल्यावर तो बहुधा जुनेच खाते विचारतो, आणि शब्द आठवला नाही तर दारातच अडवतो.

या कामाला तास-सव्वा तास लागला. गंमत अशी, की तेवढ्या वेळात फोन एकदाही बंद पडला नाही! त्याचा अर्थ त्या वेळी आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नाही.

दोष कुणाकुणाचा असू शकतो

आता उपचार. त्याचा नियम एकच : बिनखर्ची उपाय आधी, खर्चाचा नंतर, आणि न परतणारा सर्वांत शेवटी.

प्रथम आम्ही फोनचे कव्हर काढले. हसू नका! पुष्कळ फोनांत बाजूचे बटण काही सेकंद दाबून धरले की फोन आपोआप नव्याने सुरू होतो. घट्ट कव्हर त्या बटणावर रेलले, किंवा बटणाच्या फटीत कणीक नि धूळ बसून ते आतच अडकले, तर फोनला वाटते की मालकच दाबतो आहे. वहिनींचे बटण मात्र नीट वरखाली होत होते.

मग जागा पाहिली. फोनची साठवण काठोकाठ भरली की त्याचा कारभार अडखळतो. वहिनींकडे सुप्रभातच्या फुलांची आणि सुविचारांची चित्रे शेकड्यांनी निघाली. ती पुसली. मग जुनी राहिलेली अपडेट घेतली. दोष आज्ञावलीतलाही असतो, आणि त्याला मालकाचा इलाज नसतो. २०१७ सालच्या २ डिसेंबरला रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले, आणि आठवणीच्या सूचना येताच अनेक आयफोन पुन:पुन्हा सुरू होऊ लागले. तारखेच्या हिशेबातली चूक! ॲपलने त्याच दिवशी सुधारलेली आवृत्ती दिली. २०२० साली तर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका सरोवराचे सुंदर छायाचित्र पडद्यावर लावले की अँड्रॉइड १० चे कित्येक फोन सुरू होताहोताच कोसळत. त्या चित्रातल्या रंगांचा हिशेब फोनला पेलत नव्हता. तेव्हा फोन बिघडण्याच्या आदल्या दिवशी आपण त्यात नवे काय घातले, हे जरूर आठवावे.

तिसरी परीक्षा सेफ मोडची. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत बंद करण्याचा पर्याय पडद्यावर आणून त्यावर बोट दाबून धरले की हा मोड मिळतो. यात फोन फक्त त्याच्या जन्माबरोबर आलेली ॲप चालवतो, आपण घातलेली झोपवून ठेवतो. या स्थितीत फोन नीट चालला, तर दोष एखाद्या ॲपचा. मग अलीकडची ॲप एकेक करून काढावीत. वहिनींचा फोन सेफ मोडमध्येही फोटो काढताना काळा झाला. म्हणजे ॲप निर्दोष सुटली.

"भाऊजी, तुम्ही डॉक्टरांसारखं विचारता," वहिनी म्हणाल्या. "मग मी तापाचा तक्ता ठेवू का?"

वहिनींची वही

आणि त्यांनी खरोखरच दुधाच्या हिशेबाच्या वहीत एक पान आखले. तारीख, वेळ, बॅटरी किती टक्के, आणि त्या वेळी काय चालले होते. पुढच्या रविवारी मी ते पान वाचले.

"सकाळी ७.१०. ३८ टक्के. देवाच्या फुलांचा फोटो काढताना गेला."

"रात्री ९. ४१ टक्के. नातीशी व्हिडिओवर बोलताना गेला."

"दुपारी १.३०. चार्जिंगला लावून नातीशी पाऊण तास बोलले. काही नाही."

"सकाळी ८. ९५ टक्के. फोटो काढले. काही नाही."

आठवडाभराच्या त्या पानात दोष जणू सही करून बसला होता. बॅटरी निम्म्याखाली असताना, कॅमेऱ्यासारखे जड काम निघाले की फोन जाई. तार लावलेली असताना कधीच जात नसे. संगणकाला जोडलेला फोन त्या दिवशी तासभर का टिकला, ते आता कळले.

चाळीत राहिलेल्यांना याचे कारण चटकन समजेल. गच्चीवर टाकी असते, तिच्यात पाणीही असते. पण नळाला आतून गंज चढला की एका बिऱ्हाडापुरते पाणी येते, आणि सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या की धार तुटते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिच्यात असाच आतला अडथळा वाढतो. टक्के दिसतात, पण जड काम निघून एकदम जास्त वीज मागितली की दाब कोसळतो, आणि फोन स्वत:ला बंद करतो. भार सुटला की दाब पुन्हा वर येतो नि फोन जागा होतो. थंडीत हा अडथळा आणखी वाढतो. उन्हाने तापलेल्या मोटारीत किंवा शेगडीशेजारी ठेवलेल्या फोनची बॅटरी लवकर म्हातारी होते.

हा काही एका घरचा रोग नव्हे. जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, असे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरात कबूल केले, ग्राहकांची क्षमा मागितली, आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला.

वहिनींचा फोन चार वर्षांचा. अधिकृत केंद्रात नेऊन बॅटरी बदलली. नव्या फोनच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ. त्यानंतर आजतागायत फोन आपणहून बंद पडलेला नाही. कोरा करायची वेळच आली नाही. केला असता तरी रोग तसाच राहिला असता, कारण तो आज्ञावलीत नव्हताच. उडाले असते ते फक्त निरोप.

दोन गोष्टी मात्र घरोघरी लक्षात असाव्यात. फोनची पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला तर तो चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. बॅटरी पेट घेऊ शकते. तो सरळ दुरुस्ती केंद्रात न्यावा. आणि फोन तीन-तीन दिवस न उघडता पडून राहिला नि नव्याने सुरू झालेला दिसला, तर घाबरू नये. चोराच्या हाती माहिती लागू नये म्हणून अलीकडच्या फोनांत ही सोयच केलेली आहे. अँड्रॉइडवर ती २०२५ पासून येऊ लागली. नव्या बॅटरीनंतरही रोग राहिला, तर मात्र दोष आतल्या पाटीत समजावा आणि कारागिरावर सोपवावा.

त्या दिवशी निघताना पुतण्याने संगणकावर उतरवलेले निरोप उघडून पाहिले, नीट आलेत ना म्हणून. पहिल्याच निरोपात बाजाराचा गलका, आणि त्यात माझ्या भावाचा आवाज : "अगं, कोथिंबिरीची जुडी वीस रुपये म्हणतोय. घेऊ का?"

वहिनी चहाचे कप उचलीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घ्या," असे हळूच म्हणाल्या, आणि आत गेल्या.