मॉरिशस म्हणजे मालदीव नव्हे

मॉरिशसला निघालेल्या पुणेकराच्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू असते. बेट म्हणजे वाळूचा सपाट पट्टा, हा समज मालदीवच्या फोटोंनी करून दिलेला. मॉरिशस उभं आहे काळ्या कातळावर. वेताळ टेकडीवर पायाखाली येतो तोच बेसॉल्ट, कुठे भोकाभोकांचा, कुठे तांबूस भुगा सुटलेला. वाळू फक्त काठाला, तीही मुख्यतः प्रवाळाचा चुरा.

हे साम्य योगायोगाचं नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या भट्टीने दख्खनवर लाव्हा ओतला, तिनेच पुढे मॉरिशस घडवलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भट्टी खोलवर राहिली, वरचं कवच सरकत गेलं. भारत उत्तरेकडे आला, वाटेत लक्षद्वीप-मालदीवच्या रांगेचा पाया पडला. मॉरिशसचा नंबर लागला जेमतेम 80-90 लाख वर्षांपूर्वी. आज ती भट्टी शेजारच्या रेयुनियों बेटाखाली धगधगते. त्यामुळे ‘मॉरिशस आफ्रिकेतून तुटलं’ हेही खरं नाही. तिथल्या खडकात 300 कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे कण मिळाले आहेत. पण ते खाली गाडल्या गेलेल्या जुन्या भूखंडाचे, वर येताना लाव्हाने खरवडून आणलेले. बेट कोवळंच.

जाता जाता: पर्वती हा विझलेला ज्वालामुखी नाही. आपल्याकडे लाव्हा भेगांतून पसरला, टेकड्या म्हणजे झिजून उरलेलं पठार. खरं विवर बघायचं तर मॉरिशसमधल्या क्युरपीपला जावं. गाव जवळपास पुण्याच्याच उंचीवर, साडेपाचशे मीटरच्या आसपास, पण ढगाळ आणि भिजलेलं. जुलैत गेलात तर स्वेटर न्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा हिवाळा असतो. पाऊस आणि चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल.

आणि व्हॉट्सअॅपवरचा तो ‘समुद्राखालचा धबधबा’? ल मॉर्नजवळ पाण्याखाली पाणी कोसळत नाही. प्रवाहाबरोबर वाळू आणि गाळ उथळ कडेवरून खोल घसरतो, आणि आकाशातून बघणाऱ्याला धबधब्याचा भास होतो.

फोटोत सहसा न येणारी गोष्ट उसाच्या फडात दिसते: काळ्या धोंड्यांचे माणसाहून उंच ढीग. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या त्या मजुरांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती.